हॅटीतली सात उत्तरं

साहेब, ती हॅट तुम्ही काढायला लावलीत. हात शिपायाचा होता, हुकूम तुमचा. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही, कचेरीचंही नाही. तुमचं तुम्हाला माहीत आहे. माणसाला अकरा वाजता बोलावून चार वाजेपर्यंत उन्हात उभं केलंत, मग आत घेऊन त्याचं डोकं उघडं केलंत आणि पाच मिनिटांत त्याच्या आईची मसणात जायची वाट बंद करून टाकलीत. हॅटीचा आणि मसणवट्याचा संबंध काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणून पहिल्यापासून सांगणं आलं.

भिमाजी दौंडच्या लोको शेडमध्ये खलाशी होता. इंजिनं पुसायची, राखेचा खड्डा उपसायचा, कोळशाच्या घमेल्यांनी खांदे सोलून घ्यायचे. पंचाहत्तर साली त्याला या कामावर अठरा वर्षं झाली होती. गाव शिरूर तालुक्यात, घोडनदीच्या काठाला. सुट्टीच्या दिवशी न्हावऱ्यावरून जाणारी एस्टी धरायची आणि बौद्धवाड्यातल्या घरी यायचं. घरी म्हातारी आई तुळजाबाई आणि बायको साखरबाई. लेकी दोन, दोघी नांदायला गेलेल्या.

शेडमध्ये विल्सन नावाचा ड्रायव्हर होता, रेल्वेच्या बंगल्यांतला अँग्लो-इंडियन. मार्चात तो रिटायर झाला आणि ऑस्ट्रेलियाला लेकीकडं निघाला. जाताना सामान वाटत सुटला. कुणाला स्टोव्ह दिला, कुणाला बूट. भिमाजीला त्यानं आपली फेल्टची हॅट दिली. तपकिरी रंग, काळी फीत, आतून कातड्याची पट्टी. म्हणाला, "भीमा, खूँटी पे मत टांगना. सर पे रखना."

विल्सनचं डोकं कलिंगडाएवढं होतं. भिमाजीचं बेताचं. हॅट घातली की ती भुवया झाकून कानांवर टेकायची. कान होते म्हणून खाली यायची राहायची, एवढंच. पहिल्या दिवशी ती घालून तो वाड्यात शिरला तेव्हा तुळजाबाई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"साखरे, बाहेर ये गं. एक हॅट चालत आलीया. आत कोण हाय का बघ."

"मी हाय आये."

"आरं, मग तोंड कुठं ठेवलंस? दौंडलाच ऱ्हायलं व्हय?"

साखरबाई हसली, पण तिनं हॅट हातात घेऊन आतून बाहेरून बोटं फिरवली. ती गोधड्या शिवायची. कापडाशी तिचं बरं जमायचं. "माल चांगला हाय," ती म्हणाली. "निस्ता मोठा हाय."

दुसरा कुणी असता तर ती हॅट खुंटीलाच गेली असती. भिमाजीला ती डोक्यावरच हवी होती, आणि त्याला कारण होतं.

वाड्यापासून नदीकाठच्या मसणवट्यापर्यंत एक वाट होती. म्हाळूचा, म्हणजे भिमाजीच्या बापाचा, आज्जा त्याच वाटेनं गेला होता आणि म्हाळूही. बहात्तरचा दुष्काळ सरला आणि गावचे बागायतदार बबनराव यांनी नदीवर इंजिन बसवलं, ऊस लावला, आणि दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या टाकून वाट आपल्या रानात घेतली. लोक विचारायला गेले तर म्हणाले, "वाट व्हती, मी न्हाई कुठं म्हनतो? आता तितं ऊस हाय. मेलेल्या मान्साला कसली घाई? फिरून न्या की."

फिरून नेण्याच्या वाटा दोन. एक गावातून, देवळापुढून; तिथून बौद्धवाड्याचं मढं जाऊ देत नाहीत. दुसरी नदीच्या पात्रातून. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं तेव्हा वाळूतून जाता येतं. पाणी आलं की तीही बंद. तुळजाबाईचं वय सत्तरीपुढचं, त्यात दम्याची. ती म्हणायची, "मी उन्हाळ्यातच मरत्ये बाबा. पावसाळ्यात मेले तर तुमचे हाल." असं म्हणून ती हसायची, आणि हसता हसता तिला धाप लागायची.

भिमाजी चौथी शिकलेला. वाट मोकळी करून मिळावी म्हणून अर्ज त्यानं स्वतः लिहिला. दोन वर्षांत सात अर्ज गेले आणि सात उत्तरं आली. उत्तराचा कागद छापील असायचा: आपला अर्ज मिळाला, चौकशी चालू आहे. मधल्या रिकाम्या जागांत शाईनं जावक क्रमांक, तारीख, गट नंबर भरलेला, आणि खाली जांभळा गोल शिक्का. सातवं उत्तर मात्र वेगळं आलं. त्यात लिहिलं होतं की जुन्या नकाशात सदर वाट दिसून येते. तरी अर्जदाराने दिनांक वीस मे रोजी सकाळी अकरा वाजता सुनावणीस हजर राहावे, सोबत यापूर्वीचा सर्व पत्रव्यवहार आणावा, न आणल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल.

आता हॅटीचं कारण. भिमाजी लहान होता तेव्हा बापाबरोबर एकदा शिरूरच्या कचेरीत गेला होता. पहिल्या पायरीवरच म्हाळूनं डोक्याचा रुमाल सोडला आणि बगलेत धरला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्याआधी बागायतदार आत गेले ते टोप्या-पागोट्यांसकट गेले. पोरानं विचारलं, आबा, तुमचाच रुमाल का? म्हाळूनं त्याला पायऱ्यांवरच एक चापट मारली. भिमाजीला पुढं कधी राग आला तर तो त्या चापटीचा नसायचा. त्या रुमालाचा असायचा.

म्हणून त्यानं ठरवलं होतं की वीस मेला आपण डोकं झाकून जायचं आणि झाकूनच बोलायचं. पण ढिली हॅट घालून तसं जाता येत नाही. ती सारखी हातानं सावरावी लागते, आणि कचेरीत कपाळाशी हात नेणारा माणूस लांबून सलाम करतोयसाच दिसतो. हॅट आपली आपण बसली पाहिजे होती.

पहिला उपाय शेडमध्ये झाला. बरोबरीचा खलाशी मच्छिंद्र म्हणाला, "फेल्ट म्हंजी लोकर. लोकर वाफ खाल्ली की आटती. आपल्याकडं वाफंला काय तोटा हाय का?"

तोटा नव्हताच. धुऊन उभ्या असलेल्या एका इंजिनाचा वाफेचा नळ गळत होता. दोघांनी हॅट काठीवर घेऊन त्या वाफेत धरली, फिरवली, परत धरली. सगळी शेड बघायला जमली. हॅट आटली खरी. कानांवरून वर सरकली. पण कड सगळी पापडासारखी वाकडीतिकडी झाली.

"भिमाजी, ही आता हॅट न्हाई," एक फिटर म्हणाला. "हे पंगतीतलं केळीचं पान झालं. वाढा भात!"

ती तशीच घेऊन तो घरी आला. साखरबाईनं सुतळीनं नवऱ्याच्या डोक्याचं माप घेतलं, आणि उतरंडीतून त्या मापाचं गाडगं शोधून काढलं. "तुमचं डोकं गाडग्यावानी हाय असं मी उगं म्हनत न्हवते," एवढंच बोलली. हॅट गाडग्यावर चढवून ठेवली, कडेवर ओलं फडकं अंथरलं, तांब्यात चुलीतला विस्तव भरला आणि त्या तांब्याच्या बुडानं सगळी कड दाबून काढली. दोन दिवसांनी गाडग्यावरून हॅट उतरली तेव्हा कड सपाट झाली होती. डोक्यावर मात्र अजून बोटभर ढिली होती.

तिसरा उपाय शिरूरच्या बाजारपेठेत टोप्या शिवणाऱ्या मारुतराव शिंप्यानं सांगितला. त्यानं हॅट उलटी केली आणि कातड्याची पट्टी खाली वळवून दाखवली. "ह्याच्या मागं कागदाची लांब घडी सरकवायची आन् पट्टी परत वर करायची. पर सगळीकडनं सारखी. निस्ती मागल्या बाजूला घातली तर हॅट नाकावर येती. आन् कागद जाड घ्या. पेपर घालू नका."

भिमाजीनं पेपरच घातला, कारण घरात जाड कागद कुठला असणार? दोन तास हॅट छान बसली. मग घामानं पेपरचा लगदा होऊन पट्टीबाहेर आला, हॅट घसरली आणि कपाळावर बातम्या उमटल्या. तुळजाबाई म्हणाली, "वाच गं साखरे, काय छापून आलंय. आपल्या वाटंचं काय हाय का त्यात?"

वीस मे, मंगळवार. सकाळची एस्टी धरायची होती. साखरबाईनं पत्र्याच्या पेटीतून सातही पत्रं काढून पुढं ठेवली आणि अंगठा-बोटात धरून एक कागद चोळून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण कागदाचा पोत कळत होता.

"हे जाड हाय," ती म्हणाली.

भिमाजीनं कागद तिच्या हातातून घेतला. मग म्हणाला, "आगं, ती कचेरीत दाखवायची हायेत."

"मग न्यायचीच हायेत न्हवं? पिशवीत न्या न्हाईतर डोक्यावर न्या. म्हाळूमामा तरी कागूद कुठं ठेवायचं?"

हे खरं होतं. गावात कागद ठेवायची जागा म्हणजे डोकं. एस्टीचं तिकीट, विडी, सोयरिकीची चिठ्ठी, कोर्टाचं समन्स, जे काही जपायचं ते टोपीच्या घडीत नाहीतर पटक्याच्या पदरात. पिशवी एस्टीत विसरते, खिसा कापला जातो, डोकं कुणी विसरत नाही. भिमाजीचा बाप, आज्जा, सगळ्यांनी असंच केलं होतं. फक्त त्यांनी डोक्यावर कापड घातलं होतं. कापड घाम पिऊन वाळतं. फेल्ट आणि कातडं मिळून घाम साठवतात, हे त्या घरात कुणाला माहीत असायचं कारण नव्हतं.

"घाल," तुळजाबाई आतून म्हणाली. "दोन वर्सं त्या कागदांनी वाट न्हाई निघाली. हॅट तरी बसंल."

साखरबाईनं एकेका पत्राची उभी घडी केली. भिमाजी घडी होता होता वाचत गेला: पहिलं, अर्ज मिळाला. दुसरं, चौकशी चालू. तिसरं, चौकशी चालू. चौथं, सदर प्रकरण वर पाठवले आहे. पाचवं, सदर प्रकरण खाली पाठवले आहे. सहावं, परत चौकशी. सातवं नीट वर राहील असं, कपाळाच्या बाजूला, शिक्का पट्टीच्या वर डोकावणारा. शिंप्यानं सांगितल्याप्रमाणे सगळीकडून सारखं. पट्टी वर झाली आणि भिमाजीनं हॅट घातली. मान हलवली, वाकला, उभा राहिला. हॅट जागची हलली नाही. सात उत्तरांनी पहिल्यांदाच काहीतरी धरून ठेवलं होतं.

तुळजाबाई काठी टेकत दारात आली. यावेळी ती थट्टा करायची विसरली. म्हणाली, "जा. सरळ बोल. ऊन लय हाय."

साडेदहाला तो कचेरीच्या फाटकाशी होता. तिथल्या लिंबाखाली उभं राहिल्यावर त्याला पेच कळला. पत्रं काढून हातात घेतली तर हॅट कानांवर येणार. हॅट बसती ठेवली तर पत्रं आतच राहणार. त्यानं मनात ओळ लावून ठेवली: आत जायचं, जय भीम करायचा, नाव सांगायचं, आणि कागद मागितले की आपल्या हातानं हॅट उतरवायची, पत्रं काढून टेबलावर ठेवायची. आपल्या हातानं उतरवणं वेगळं. हा बेत चालला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

अकरा वाजता बबनराव आले. पांढरी टोपी, पांढरा शर्ट. त्यांना लगेच आत बोलावलं. दारातून पंखा दिसत होता, पंख्याखाली खुर्ची आणि खुर्चीत बबनराव. चहा आत गेला. बाराला कपबशा बाहेर आल्या. भिमाजीनं शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, "नाव पुकारल्याबिगर यायचं न्हाई. फाटकापाशी थांब. सावलीत गाड्या लावायच्या हायेत." लिंबाखाली जीप आली. भिमाजी उन्हात आला. एक वाजला, दोन वाजले. कानामागून घाम गळ्यात उतरत होता. तो पुसायला त्यानं एकदाही हॅट उचलली नाही. उचलली असती तर? हा प्रश्न त्याला पुढं पुष्कळ दिवस पडला. पण तो माणूस हॅट डोक्यावर ठेवायलाच आला होता.

चार वाजता नाव पुकारलं.

साहेब, इथून पुढचं तुम्हाला पाठ असेल, तरी ऐका.

तो आत आला, म्हणाला, "जय भीम साहेब. मी भिमाजी म्हाळू—"

"हे काय?" तुम्ही म्हणालात. "सिनेमात काम करतोस काय? हॅट काढ."

"का साहेब?"

"ही कचेरी आहे."

"बबनरावांच्या डोक्यावर टोपी हाय."

बबनराव छताकडं बघायला लागले. कारकुनाची लेखणी थांबली. तुम्ही पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलंत. "ती टोपी आहे. ही हॅट आहे. साहेब इथं कोण आहे? मी का तू?"

"साहेब तुमीच हाय. पर मी ती माझ्या हातानं—"

तुम्ही शिपायाकडं नुसतं बघितलंत. शिपाई पुढं झाला आणि त्यानं हॅट उचलली. इतकी घट्ट बसली होती की त्याला जोर लावावा लागला. भिमाजीचं डोकं मागं झटकलं. मग कारकून हसला, आणि त्याच्या मागून सगळी खोली हसली, कारण भिमाजीच्या कपाळावर तुमच्या कचेरीचा गोल शिक्का उमटला होता. जांभळा, उलटा, अर्धा पुसट. सातव्या उत्तराचा.

"पत्रव्यवहार कुठाय?" तुम्ही विचारलंत.

"हॅटीत हाय."

परत हसू. शिपायानं पट्टी खाली ओढली आणि सात ओल्या घड्या टेबलावर पडल्या. त्या उलगडल्या तेव्हा भिमाजीनंही पहिल्यांदाच बघितलं. छापील मजकूर जसाच्या तसा होता: आपला अर्ज मिळाला, चौकशी चालू आहे. ते घामानं जात नाही. शाईनं भरलेलं तेवढंच गेलं होतं. जावक क्रमांक गेले, तारखा गेल्या, गट नंबर गेला. जुन्या नकाशात वाट दिसून येते हे जिथं हातानं लिहिलं होतं, तिथं निळं डबकं झालं होतं.

"सरकारी कागद टोपीत घालतोस?" तुम्ही म्हणालात. "यातला एक तरी क्रमांक वाचता येतो का?"

"न्हाई साहेब. पर ह्याच्या नकला तुमच्याकडं असतील की. तुमीच लिवल्यात."

"आमच्या दप्तराचं तू आम्हाला शिकवू नकोस."

आणि तुम्ही लिहिलंत. अर्जदाराने पूर्वीचा पत्रव्यवहार वाचनीय स्थितीत सादर केला नाही, सबब अर्ज निकाली. त्यावर शिक्का मारून आठवं उत्तर तिथंच त्याच्या हातात दिलंत. त्यासाठी दोन वर्षं लागली नाहीत.

संध्याकाळच्या एस्टीत गर्दी होती. भिमाजीनं कपाळ धुतलं नव्हतं. लोक बघत होते. वाड्यात शिरताना त्यानं हॅट घातली, तर ती सरळ नाकावर आली. तुळजाबाई दारातच होती. तिनं काठी भिंतीला लावली. लेकाला खाली बसवलं, हॅट वर करून कपाळ बघितलं, पदराला थुंकी लावून शिक्का पुसून काढला. तो लवकर निघत नव्हता.

"कागूद भिजला," भिमाजी म्हणाला.

"कागूद भिजायचाच. मान्साचं डोस्कं हाय ते, फळी न्हाई." तिनं आपल्या जुन्या लुगड्याच्या काठाला दात लावला आणि टरकन पट्टी फाडली. "साखरे, हे घाल. ह्याचा रंग जायचा तेवढा जाऊन बसलाय."

साखरबाईनं ती पट्टी चौपदरी करून कातड्याच्या मागं शिवली, गोधडीचा टाका घालून. हॅट बसली. अजूनही बसते.

तुळजाबाईचा उन्हाळ्यात मरायचा बेत चुकला. ऑगस्टच्या एका सकाळी दमा वर आला आणि दुपारपर्यंत ती गेली. घोडनदीला पाणी होतं. बबनरावांचा ऊस पुरुषभर उंच होता आणि काट्या नव्या टाकल्या होत्या. मच्छिंद्र दौंडहून आला होता. शेडमधले आणखी चौघे आले होते. गावातून नेऊ दिलं नाही म्हणून त्यांनी म्हातारीला पात्रातून नेलं. पाणी छातीला लागत होतं. तिरडी डोक्याच्या वर धरावी लागली. पुढच्या बाजूला भिमाजी होता, दोन्ही हात वर गुंतलेले, डोक्यावर हॅट. पाण्याची ओढ होती, पाय दगडांवरून सरकत होते, एकदा तो कमरेतून वाकला. हॅट पडली नाही. काठावर पोचल्यावर त्यानं ती आपल्या हातानं काढली आणि आई ठेवली तिथं बाजूला गवतावर ठेवली.

साहेब, भिमाजीची सात पत्रं घामानं गेली. ती चूक त्याची, तो नाकारत नाही. पण तुमची कचेरी एक पत्र बाहेर पाठवते तेव्हा त्याची एक स्थळप्रत मागं ठेवते. जावक रजिस्टर तुमचं आहे. जुना नकाशा तुमच्या कपाटात आहे, आणि त्यात वाट आहे असं तुम्हीच लिहिलं होतंत. तुमच्या खुर्चीपासून ते कपाट चार पावलांवर होतं. पंखा चालू होता, कागद कोरडे होते, ते कुणी हॅटीत घातलेले नव्हते. मग तुम्ही उठून ते कपाट का उघडलं नाहीत? छापील कागद पाठवू नका. तुमच्या हातानं लिहा, खाली नाव घाला, आणि उत्तर द्या.